एकाच सुईचं गोंदण

कैनाड, डहाणू
१० जून २०१८, रविवार

ताई,

पत्राच्या वरच्या ओळीत काय लिहितात ते आईला विचारलं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "खुशाल आहोत लिही, मग काय ते लिही." तर आम्ही खुशाल आहोत. बाबांचा गुडघा सोडून. पण तो तुझ्या लग्नाच्या आधीपासूनच तसा आहे.

माझ्या अक्षराला हसू नकोस. मला इंग्लिश मिडीयमला घालायचा हट्ट तुझाच होता, आता भोग.

व्हॉट्सॲपवर का लिहीत नाही ते तुला माहितीच आहे. तुझा फोन म्हणजे तुमच्या घरात सगळ्यांचा फोन. परवा तुला ब्लड टेस्टची लिस्ट पाठवली, तर तासाभरात तुझ्या सासूबाईंचा मलाच फोन. "हर्षदा, तुला काय झालंय गं? एवढ्या तपासण्या?" मी म्हटलं, लॅबचं काम आहे सोनीबाई, चुकून तिकडे गेलं. भाऊजी सोडून तिकडे कोणाला कळू द्यायचं नाही ना, मग हेच बरं. जमना मावशी आगरहून सुकट घेऊन तलासरीच्या बाजाराला जातेच. तिच्या पिशवीत तळाशी घालते. सुकटीच्या पिशवीत कोणी हात घालत नाही. कागदाला वास आला तर समज, बरोबर माणसाकडून आलंय.

आता बातमी. माझा रुबेलाचा रिपोर्ट निगेटिव्ह आला. घाबरू नकोस! यात निगेटिव्ह म्हणजे वाईट, पण फार वाईट नाही. म्हणजे माझ्या अंगात रुबेलाशी लढायची ताकदच नाही. तुझा रिपोर्ट चांगला आहे, म्हणजे तुला लहानपणी कधीतरी होऊन गेला असणार, अंगावर पुरळ आलं, गेलं, आणि सगळे विसरले. मला ना तो आजार झाला ना लस मिळाली. वापीच्या आयव्हीएफ सेंटरने सांगितलं, लस घ्या आणि एक महिना थांबा, मगच पुढचं. जिवंत जंतूंची लस असते ना, म्हणून. मी सोमवारीच टोचून घेतली. दंड दुखला, संध्याकाळी थोडा ताप, पण मला इतका आनंद झाला होता की काय सांगू. वाटलं, चला, सुरू झालं!

मी सगळं मोजून ठेवलंय. ४ जुलैला महिना होतो. मग मुलाखत आणि बाकीचं रक्त, एचआयव्ही, हेपॅटायटिस बी आणि सी, सिकल सेल. ऑगस्टमध्ये मला रोज इंजेक्शन. मग माझी एग काढतील, लॅबमध्ये भाऊजींच्याबरोबर जुळवतील, आणि सप्टेंबरमध्ये तुझ्या पोटात. दिवाळी नोव्हेंबरच्या सातला आहे. भाऊजींनी दिवाळीपर्यंतच हो म्हटलंय, नंतर हा विषय बंद, हे मी विसरलेले नाही. आरामात बसतंय. अकरा वर्षं थांबलीस, आता तीन महिने.

तुझं गोंदण नीट बसलं ना? माझी खपली केव्हाच गेली, तीन ठिपके छान दिसतात. आई रोज एकदा हात ओढून बघते आणि जिजा मावशीची गोष्ट सांगते. तुझ्या जन्मानंतर आई आजारी होती तेव्हा मावशीने सहा महिने तुला आपलं दूध पाजलं, आणि त्या वर्षी दोघी बहिणी जत्रेत जाऊन एकाच सुईने गोंदून आल्या. बहिणीने बहिणीला अंगातलं काही दिलं की एकाच सुईने, म्हणे, नाहीतर ते देणं लागत नाही. मी लॅबमध्ये वापरलेली प्रत्येक सुई मोडून डब्यात टाकते, आणि महालक्ष्मीच्या जत्रेत त्या गोंदणाऱ्या म्हातारीसमोर मुकाट हात धरून बसले. आधी तू, मग मी. लॅबमध्ये सांगितलं तर हसतील. पण तुझा चेहरा तेव्हा असा झाला होता की मी काही बोललेच नाही.

तांदूळ निवडायला आई बोलावतेय. पेज पी, ऊन लावून घेऊ नकोस.

तुझी एगवाली
हर्षू


कैनाड
२२ जुलै २०१८

ताई,

भाताची आवणी अर्ध्यावर आलीय. आज मीही चिखलात उतरले. बाबा म्हणाले, "मायक्रोबायोलॉजी, रोप उलटं लावू नकोस." दोन ओळी लावल्या आणि पायाला जळू चिकटली. आई म्हणे, रक्त काय ते सेंटरला दे, इथे कशाला वाटतेस.

गुरुवारी वापीला मजा आली ना? मला तर आली. सेंटरच्या त्या हेतलबेन मला खूप आवडल्या. किती नीट विचारतात. "जुओ बेन, शरमायचं नाही, हे सगळ्यांना विचारतो." लग्न झालंय का, बॉयफ्रेंड आहे का, कधी होता का. तू तर वर पंख्याकडे बघायला लागलीस! मी नाही म्हटल्यावर माझ्यापेक्षा तूच जास्त खूश झालीस, हे मी बघितलं. मग त्या म्हणाल्या, "आटली मोटी छोकरी, कोई नथी?" तेव्हा तुझं हसू सुटलं. किती दिवसांनी तू अशी हसलीस.

रक्त काढणारा मुलगा नवीन होता. त्याला शीर सापडेना. मीच दाखवली.

रिपोर्ट काल आले. सगळे क्लिअर. सगळे! सिकल सेलपण नाही. म्हणजे ऑगस्टच्या दहाच्या आसपास इंजेक्शन सुरू.

तिकडे तुझ्या अंगणवाडीत कुपोषणाची वजनं सुरू असतील ना? ती नवशी पोराला घेऊन येते का वेळेवर?

एका प्रश्नाबद्दल मी लिहिणार नव्हते. पण आता तीन वेळा पेन उचलून ठेवलं.

हेतलबेननी विचारलं, "गेल्या सहा महिन्यांत टॅटू, गोंदण, नाक-कान टोचलंय?" आणि टेबलाखाली तुझा पाय माझ्या पायावर आला. जोरात नाही. नुसता येऊन थांबला. मी बाही खाली ओढली आणि "नो" म्हटलं. त्यांनी टिक केलं आणि पुढे गेल्या.

स्टँडवर तू म्हणालीस, "तीन ठिपक्यांपायी सहा महिने थांबवतील हर्षू. दिवाळी निघून जाईल. आणि तुझे रिपोर्ट चांगलेच येणार ना?" मी म्हटलं, येतीलच. आले पण.

फक्त एक गोष्ट तेव्हा सांगितली नाही. रक्ताचा रिपोर्ट म्हणजे त्या दिवसाचा फोटो. जंतू आत आला तरी फोटोत दिसायला त्याला वेळ लागतो, कधी काही आठवडे, कधी महिने. म्हणूनच ते सहा महिने म्हणतात आणि मग परत रक्त घेतात. माझ्या शाळेत हेपॅटायटिस बी चे दोन डोस झाले होते, तिसऱ्याच्या दिवशी मी स्पोर्ट्सला बोर्डीच्या बीचवर होते. त्यामुळे ती लसपण अर्धवटच. आपल्या आधी त्या म्हातारीसमोर किती जणी बसल्या होत्या, मोजल्या नव्हत्या.

बहुतेक काही नसणार. मी काही करणार नाहीये. नुसतं तुला सांगितलं, कारण दुसऱ्या कोणाला सांगू.

झोप लागते का तुला?

हर्षू


कैनाड
५ ऑगस्ट २०१८

ताई,

इकडे सगळे ठीक. आवणी संपली. मागच्या दारात काकडीचा वेल चढलाय. आईने तुझ्यासाठी वालाचं बिरडं सोलून ठेवलंय, जमना मावशी नको म्हणाली, "सुकटीत बिरडं घालून काय करू, तुजी बहीन काय खाईल ते?" म्हणून ते राहिलं.

नवशीचं आठवतं का? मागच्या वर्षी मी तुझ्या अंगणवाडीत आले होते, लसीकरणाचा दिवस होता. नवशीने पोराला आणलं. नर्सने विचारलं, ताप आहे का, तर नवशी म्हणाली, नाही. तू पोराच्या कपाळाला हात लावलास. तापत होतं. नवशी म्हणाली, "बाय, आज नाय दिली तर परत मजुरी बुडवून येऊ का?" आणि तू तिला काय म्हणालीस! "मला फसवून काय मिळणार गं तुला? सुई मला नाय टोचायची, याला टोचायचीय. याला बोलता येत नाय म्हणून तू खरं बोलायचं." मग तिला चहा पाजलास आणि पुढच्या वेळी तूच तिच्या घरी नर्सला घेऊन गेलीस.

मी गेले दोन आठवडे हेच घेऊन फिरतेय.

ताई, मी हेतलबेनना फोन केला. शुक्रवारी, दुपारी, लॅबच्या मागच्या पायरीवर बसून. म्हटलं, मी खोटं बोलले, एप्रिलच्या आठ तारखेला जत्रेत गोंदून घेतलंय. त्यांनी तारीख परत विचारून लिहून घेतली. मग म्हणाल्या, "सारुं कर्युं बेन, सांगितलं ते." मला वाटलं आता ओरडतील, म्हणून मी आधीच रडायला लागले होते, ते तसंच राहिलं.

इंजेक्शन कॅन्सल. ऑक्टोबरच्या आठनंतर परत सगळं रक्त. तोपर्यंत हेपॅटायटिस बी चा राहिलेला डोसही घ्यायला सांगितलाय. मग परत डॉक्टरांची वेळ, परत गोळ्या. हेतलबेननी तारखा मोजून सांगितलं, दिवाळीच्या आत होणार नाही.

मला माहितीये याचा अर्थ काय. भाऊजींनी एकदाच हो म्हटलं होतं. मी त्यांना भेटून बोलेन, पाया पडेन, तू म्हणशील ते करेन.

अजून एक आहे, आणि खरं म्हणजे तेच सांगायला मघापासून काकडी आणि बिरडं करत बसले. हेतलबेननी विचारलं, "एकट्याच बसला होता की अजून कोणी?" मी फोन दुसऱ्या कानाला लावला. त्या म्हणाल्या, "बेन?" आणि मी तुझंही सांगितलं. एकाच सुईने, आधी तू, मग मी. बाळ तुझ्या पोटात वाढणार आहे ताई, तुझे रिपोर्ट फेब्रुवारीचे, जत्रेच्या आधीचे आहेत. म्हणून तुलाही परत रक्त द्यायला लागणार. सेंटरचा फोन भाऊजींच्या नंबरवर येईल. तुझा पाय माझ्या पायावर होता ते सांगितलं नाही. ते मी कधीच कोणाला सांगणार नाही.

माझं तेवढंच सांगितलं असतं तर तो माझा प्रश्न होता. तुझं सांगायच्या आधी तुला विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस, आणि मग माझ्याने सांगवलं नसतं. म्हणून विचारलं नाही.

माफ कर लिहिणार होते. पण आज परत ती पायरी आणि तो फोन आला तरी मी तेच करेन. मग कसली माफी मागू.

हर्षदा


कैनाड
१६ डिसेंबर २०१८

ताई,

आई, बाबा, मी, सगळे बरे आहोत. तू बरी आहेस हे मला जमना मावशीकडून कळतं. चार महिन्यांत मी तिच्याबरोबर पाच चिठ्ठ्या दिल्या, दोन ओळींच्या. प्रत्येक वेळी ती येऊन सांगते, "घेतली, पदराला खोचली. काय बोलली इचारशील, तर काय नाय. सुकट घेतली पण पावशेर." शेवटच्या वेळी म्हणाली, "मी काय पोष्टमन हाय का गं? तुमी दोघी भांडा, मला कशाला चालवता?" मग स्वतःच म्हणाली, "दे, लवकर दे, गाडी सुटेल."

दिवाळीला तू आली नाहीस. आई उंबऱ्यापर्यंत चार वेळा जाऊन आली. मी तिला खरं कारण सांगितलं. एकाच सुईने बसवायचा आग्रह आपलाच होता, असं मनात घेऊन ती दोन दिवस जेवली नाही. मग जिजा मावशीला फोन लावला आणि तिला म्हणाली, "आपण बसलो तेव्हा कुठे होते हे जंतू?" मावशी म्हणाली, "होते की, आपल्याला कोण सांगणार होतं." मग दोघी हसल्या. आता शेजारच्या पोरींना आई सांगते, गोंदायचं तर नवीन सुई काढायला लावा आणि समोर फोडायला सांगा.

माझा रिपोर्ट ऑक्टोबरच्या पंधराला आला. स्वच्छ. काहीही नाही. म्हणजे ऑगस्टमध्ये इंजेक्शन घेतली असती तरी चाललं असतं, आणि आज कदाचित तुला चौथा महिना असता. हे तू मोजलं असशील. मीही मोजलं. रोज मोजते.

गेल्या सोमवारी भाऊजी लॅबला आले होते. तुला सांगितलं नसेल त्यांनी. मी काउंटरवर होते. मला वाटलं रक्त द्यायला आलेत, मी ट्यूब काढल्या. ते म्हणाले, "ठेव गं ते. चहा पिऊ."

टपरीवर त्यांनी दोन चहा सांगितले. मीच सुरुवात केली. म्हटलं, भाऊजी, तुम्ही दिवाळीपर्यंतच हो म्हटलं होतं, माझ्यामुळे गेलं, अजून दोन महिने द्या, प्लीज. मी पुढचं पाठ करून ठेवलं होतं, तारखा, पर्सेंटेज, सगळं.

ते माझ्याकडे बघतच राहिले. "दिवाळी? मी कधी घातली दिवाळीची मुदत?"

"ताई म्हणाली."

"मी म्हटलं होतं, झालं तर झालं, नाय झालं तर नाय. आपण दोघं आहोत ना. मुदत जयश्रीने घातली. म्हणाली, दिवाळीपर्यंत करते, मग मला कोणी काय विचारायचं नाय. दरवर्षी कोणीतरी नवा डॉक्टर सांगतो, दरवर्षी ती उभी राहते आणि पडते. दमलीय ती."

"मग मला का नाही म्हणाली?"

"तुला नाय म्हणायला तिला कधी जमलंय का? तू केवढ्या उड्या मारत होतीस. तिनं माझं नाव पुढं केलं, म्हणजे तू माझ्यावर चिडशील, तिच्यावर नाय." मग हसले. "चिडली होतीस ना?"

होते. चार महिने मनातल्या मनात त्यांना काय काय बोलले.

मग त्यांनी सांगितलं की गोवर-रुबेलाच्या मोहिमेत तू सकाळी सातला घर सोडतेस आणि अंधार पडल्यावर येतेस. पाड्यावरून पाड्यावर, पोरांना लस देऊन झाली की अंगठ्याला शाई लावायचं काम तुझं, आणि घरी येतेस तेव्हा तुझीच बोटं काळी. "पण चेहरा बरा असतो तिचा," म्हणाले. "फार दिवसांनी बरा असतो." आणि जाता जाता म्हणाले, "रक्त नाय दिलं तिनं अजून. माझं ऐकत नाय. तू सांग."

त्या दिवसापासून मी मार्चपासूनचं सगळं आठवून बघतेय. चुलीजवळ बसलो होतो, तू म्हणालीस, डॉक्टर म्हणतात आता माझं बीज चालणार नाही. आणि मी तुझं वाक्य संपायच्या आत म्हटलं, मग माझं घे ना! आईने मला जवळ घेतलं, तू रडलीस, आणि मला वाटलं ते हो होतं. मग मी लिस्ट केली, सेंटर शोधलं, तारखा लावल्या, लस घेतली, तुला पत्रं लिहून लिहून समजावलं. रुबेला समजावला, हेपॅटायटिस समजावला. तुला हवंय का, एवढं एकच विचारलं नाही. जत्रेत तुझा चेहरा झाला होता ना, मी तुला लिहिलं होतं, त्याला मी आनंद समजले. आता मला नक्की सांगता येत नाही तो काय होता.

सेंटरचा फोन आला होता. जानेवारीत सुरू करता येईल म्हणाले. पूर्वीची मी असते तर तिथेच तारीख घेतली असती. मी म्हटलं, बहिणीला विचारून सांगते. हेतलबेन म्हणाल्या, "पूछो, पूछो, घाई नाही."

तर विचारतेय. हवंय का तुला?

हो असेल तर हो. नको असेल तर नको एवढंच जमना मावशीला सांग, ती तेवढं लक्षात ठेवेल. कारण द्यायचं नाही. आईला मी सांगेन, सोनीबाईंना तर काही माहीतच नाही, आणि भाऊजींचं नाव या वेळी पुढे करू नकोस, बिचारे खूप ऐकून घेतात. आत्ता ठरत नसेल तर तेही चालेल. मी सेंटरला तसंच सांगेन.

रक्त मात्र दे. हे मी विचारत नाही, सांगतेय. तलासरीच्या सरकारी दवाखान्यात दे किंवा इथे ये, माझ्या हाताने काढते, दुखणार नाही. ते बाळासाठी नाही. त्या म्हातारीसमोर तूही हात धरून बसली होतीस, आणि माझा रिपोर्ट बघून मी सुटले, तुझा कोणीच बघितलेला नाही. मला झोप न लागायचं आता तेवढं एकच कारण उरलंय.

उत्तराची वाट बघत नाही असं लिहिणार होते, म्हणजे तुझ्यावर ओझं नको. पण ते खोटं झालं असतं.

वाट बघतेय.

तुझी धाकटी,
हर्षू